भिजत घातलेली गाडी

निर्णय तसा एवढासाच होता. गाडीला भिजत घालायचं. माणसं याहून कितीतरी मोठे निर्णय घेतात, लग्नं करतात, घरं बांधतात, आणि तरी त्यांची तोंडं काळी होत नाहीत. चिमणीच्या आईचं झालं. (हे उगाच बोलायचं म्हणून बोललेलं नाही. पुढे कळेलच.)

चिमणीची आई गल्लीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे काळजी. घरातल्या टेबलाच्या कोपऱ्यांना तिने स्पंज बांधला होता, कपाटाच्या मुठींना मोजे घातले होते, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. नळाच्या तोंडालाही चौपदरी फडकं होतं, त्यामुळे त्या घरात एक बादली भरेपर्यंत शेजारच्यांची आंघोळ उरकून कपडेही वाळत पडलेले असत. चिमणी एकदा शिंकली की आई आधी तिची जीभ बघायची, मग डोळे, मग शेजारच्या काकूंकडे पळायची. "काकू, शिंक अशी कोरडी असते का हो?"

दुसरी गोष्ट म्हणजे करपलेली भांडी. दूध लागलेलं पातेलं असो नाहीतर कोळसा झालेला कुकर असो, गल्लीतल्या बायका तिच्याकडेच आणून द्यायच्या. ती भांडं उजेडात धरायची, नखाने बुडाला टिचकी मारायची आणि म्हणायची, "घासायचं नाही. घासलं की ओरखडे पडतात. भिजत ठेवायचं. त्याला कळू द्यायचं, आपल्याला घाई नाही. आपोआप सोडतं." आणि सोडायचंही! या एका गोष्टीत तिला कोणी हरवू शकत नव्हतं.

आता गाडीचं. गाडी सासऱ्यांची. पांढरी, चिमणीच्या आईच्या लग्नाच्याही आधीची, आणि घरात सुनेहून जास्त लाडाची. सासरे छापखान्यात फोरमन होते. आता निवृत्त. जन्मभर छपाईचे अक्षरांचे खिळे जुळवल्यामुळे की काय, बोलतानाही एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखे बोलत. त्यांच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. मुलाने एकदा लावला होता, तेव्हा गाडीने मागच्या मागे जाऊन फाटक पाडलं होतं.

असे सासरे लेकीकडे राहायला निघाले आणि जाताना त्यांनी गाडीची किल्ली सुनेच्या तळहातावर ठेवली.

"रोज पाणी बघ. चिमणीला सोड, आण. याच्या हातात देऊ नको."

'हा' शेजारीच उभा होता. त्याने हसल्यासारखं केलं. पण चिमणीच्या आईचे डोळे भरून आले. इतकी वर्षं या घरात ती जपून वावरत होती, पण आपण खरोखरच्या या घरातल्या झालो, असं तिला त्या किल्लीच्या वजनाने पहिल्यांदा वाटलं. ती झोपतानाही किल्ली उशाखाली घ्यायची.

आणि सासरे गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी खोकायला लागली.

साधं खोकणं नव्हे. बालवाडीच्या फाटकाशी थांबायचं म्हटलं की गाडी आधी थरथरायची, मग दचके द्यायची आणि मग मागून असा काळाकुट्ट लोट सोडायची की पलीकडची बालवाडी काही काळ दिसायचीच नाही. धूर विरला की आधी मुलांच्या आया दिसायच्या, नाकाला पदर, रुमाल, जे हाताला लागेल ते लावलेल्या. चौथ्या दिवशी तर बालवाडीच्या बाई पायरीवरच वाट बघत होत्या. पांढरी गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली आणि त्यांनी आत आवाज दिला,

"मावशी, मुलांना आत घ्या! गाडी आली!"

मावशींनी कोंबडीची पिल्लं हाकावीत तशी मुलं आत हाकली. फाटकात उरली फक्त चिमणी, आणि तिची आई. तीच आई, जी दुसऱ्याने उदबत्ती लावली तरी मुलीला घेऊन बाहेर जायची. आज तीच सगळ्यांच्या मुलांना धुरी देत होती. पायाखालची जमीन दुभंगली असती तर ती आनंदाने आत गेली असती. (गाडीसकट. किल्ली कोणाच्या हातात देणार?)

"अहो, गाडी धूर टाकते," संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली.

"नोंद घेतली," नवरा म्हणाला. नवरा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. घरीही त्याची खिडकी बंद होत नसे.

"नोंद काय घेताय! बाबा सोमवारी येणार. त्यांनी हा धूर बघितला तर काय म्हणतील? एकदा विश्वासाने किल्ली दिली आणि हिने गाडीची वाट लावली!"

"वरिष्ठांच्या लक्षात आणून देतो."

"तुमचे वरिष्ठ म्हणजे बाबाच ना!"

हे मात्र नवऱ्याला पटलं. तो उठला, मोबाइल काढला आणि बराच वेळ त्यात डोकं घालून बसला. मग विजयी चेहऱ्याने म्हणाला, "कार्बन!"

"म्हणजे काय?"

"इंजिनाच्या आत पेट्रोल जळतं ना, त्याची काजळी साचते. जुन्या गाडीत थरावर थर बसतो. घट्ट. काळा. हे बघ फोटो. आपल्या करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखं…"

इथे नवरा चुकला. हे शेवटचं वाक्य तो बोलायला नको होता.

चिमणीच्या आईने फोटो उजेडात धरला. नकळत नखाने मोबाइलच्या काचेवर टिचकीही मारली. तिच्या चेहऱ्यावरची चार दिवसांची कानकोंडी कळा गेली आणि तिथे भांड्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

"घासायचं नाही," ती म्हणाली.

"व्हिडिओतला माणूसही तेच म्हणतो! प्लग काढायचे, त्या भोकांतून औषध ओतायचं आणि…"

"भिजत ठेवायचं," तिने वाक्य पुरं केलं. "पुढे काय म्हणतो?"

पुढे काय म्हणतो ते कळलं नाही, कारण तेवढ्यात चिमणीला कार्टून बघायचं होतं. तिने मोबाइल ओढून घेतला, आणि भिजवण्याच्या पुढे काय असणार, आपोआप सोडणारच, म्हणून दोघांनी तो पुन्हा मागितला नाही.

त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. पलीकडून सासऱ्यांनी नातीची चौकशी केली. नातीने गाडीची बातमी दिली. "आजोबा, आपली गाडी ना, खोकते. आणि काळं काळं थुंकते!" आईने फोन हिसकावला. "काही नाही हो बाबा, गोष्ट सांगतेय ती." सासरे नुसतं "बरं" म्हणाले. त्यांच्या "बरं"मधून कधीच काही कळत नसे.

रविवारी सकाळी गाडीचं बॉनेट उघडलं गेलं. नवऱ्याने डिकीतून प्लगचा पाना शोधून काढला (फक्त एवढ्यापुरता त्याला गाडीला हात लावू दिला होता) आणि घाम गाळत चारही प्लग काढले. प्लग कसले, काजळाच्या कांड्याच! कुठली वायर कुठल्या प्लगची हे विसरू नये म्हणून चिमणीच्या आईने लेकीच्या चित्रांच्या वहीतले स्टिकर वायरींना चिकटवले. ससा, हत्ती, कासव, बदक.

मग औषधाचा डबा आला. नवऱ्याने डब्यावरचं वाचलं. "प्रत्येक भोकात एक झाकण भरून."

"एक झाकण? एवढ्याने काय होतंय! बूड तरी झाकायला नको?"

"अगं, डब्यावर लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने कधी भांडी घासलीत का?"

नवऱ्याने डबा तिच्या हातात दिला. अख्खा डबा चार भोकांत गुडुप झाला. वर धूळ पडू नये म्हणून तिने चिमणीची जुनी दुपटी काढली, घड्या घातल्या आणि एकेका भोकावर अशा हलक्या हाताने ठेवल्या, जणू खाली बाळंच निजलीत. मग बॉनेट नुसतं टेकवून बंद केलं.

"किती वेळ?" नवऱ्याने विचारलं.

"घाई करायची नाही. जेवणं होऊ देत."

जेवणं व्हायची होती. चिमणीच्या तोंडात घास घालता घालता तिला बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग ओळखीचं खाकरणं. तिने खिडकीतून बघितलं आणि तिच्या हातातला घास चिमणीच्या तोंडाऐवजी कानात गेला.

सासरे! सोमवारचे सासरे रविवारीच आले होते. नातीने काल सांगितलेली गोष्ट त्यांना झोपू देईना, म्हणून सकाळची पहिली गाडी पकडून निघाले होते. पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली. घरात आलेच नाहीत. सरळ गाडीकडे गेले, दार उघडून बसले. त्यांच्या खिशात दुसरी किल्ली कायम असायची.

"अहो! बाबा! दुपटी!" ती ओरडली.

तीन शब्दांत मांडता येईल तेवढं सगळं तिने मांडलं होतं, पण नवऱ्याला काही बोध होईना. तोपर्यंत ती अनवाणी अंगणात पोचली होती. तिच्या डोक्यात एकच विचार: इंजिन सुरू झालं तर दुपटी आत ओढली जातील, गुंततील, बाबांची गाडी कायमची जाईल. ती धावत पुढे गेली आणि तिने बॉनेट उघडलं.

उघडलेलं बॉनेट ड्रायव्हरच्या समोर भिंतीसारखं उभं राहतं. सासऱ्यांना सून दिसली नाही. "बाबा, थांबा" हेही ऐकू आलं नाही, कारण त्यांना जरा कमीच ऐकू यायचं. त्यांनी किल्ली फिरवली.

व्हिडिओच्या ज्या भागाच्या वेळी कार्टून लागलं होतं, त्या भागात तो माणूस म्हणाला होता की भिजवल्यावर इंजिन एकदा नुसतं फिरवायचं म्हणजे आतलं सगळं भोकांतून बाहेर उडतं, आणि त्या वेळी समोर कोणी उभं राहायचं नाही.

चिमणीची आई समोर उभी होती. वाकून.

फच्! फच्! फच्! फच्! सशाच्या भोकातून, कासवाच्या भोकातून, बदकाच्या, हत्तीच्या, आळीपाळीने काळी कारंजी उडाली. दुपटी पाखरांसारखी हवेत गेली. जुन्या गाडीने जन्मभर पोटात दडवलेली काजळी, एक अख्खा डबा औषधासकट, सुनेच्या तोंडावर, केसांत, कानांत आली. उरलेली तिच्या डोक्यावरून पलीकडे गेली, जिथे शेजारच्या काकूंचे पांढरेशुभ्र पडदे दोरीवर वाळत होते.

दोरीवरून थेंब टपकल्याचा आवाज तेवढा येत होता.

"आजोबा, परत!" पायरीवरून चिमणी टाळ्या पिटत ओरडली. "परत करा ना!"

सासरे उतरले. पुढे आले. सुनेकडे बघितलं. तिचे फक्त डोळे पांढरे होते, तेही भीतीने.

"हे काय?"

"बाबा… कार्बन."

"कुठला?"

"आतला."

"बाहेर आला," सासरे म्हणाले.

"बाबा, आम्ही रीतसर…" नवऱ्याने सुरुवात केली.

"तू गप्प."

एवढ्यात काकू पडद्यांपाशी आल्या होत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक पडदा दोन बोटांत धरला, चिमणीच्या आईकडे बघितलं आणि इतक्या दयेने "अरे देवा" म्हणाल्या की ती आणखी खाली झुकली.

सासऱ्यांनी एकेक प्लग उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "मी गेलो तेव्हा धूर नव्हता."

"नव्हता, बाबा."

"गेल्यावर काय केलंस?"

"काही नाही हो! तुम्ही सांगितलंत तसं रोज पाणी बघितलं. पुसली. बाकी कशाला हात नाही लावला, चिमणीची शपथ."

सासरे वाकले. इंजिनाच्या वर एक गोल डबा असतो, त्यातून हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी पुढे येते. इंजिन तिच्यातून श्वास घेतं. सासऱ्यांनी त्या सोंडेत दोन बोटं घातली, चाचपली आणि ओढली. आतून हळूहळू एक कापड बाहेर आलं. काळं पडलेलं, पण कडेला पिवळं. त्यावर बदकाचं चित्र होतं.

"माझं लाळेरं!" चिमणी किंचाळली.

या लाळेऱ्यासाठी घरातल्या गाद्यासुद्धा उलट्या करून झाल्या होत्या. चिमणीच्या आईला आत्ता आठवलं. सासरे गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी बघायला बॉनेट उघडलं होतं, तेव्हा समोर एवढं मोठं उघडं तोंड दिसलं. तिला वाटलं, यातूनच बाहेरची धूळ आत बसलेल्या लेकरापर्यंत जाते, तरीच हिला परवा शिंक आली. हातात लाळेरं होतं. नीट घडी घालून कोंबलं, आणि एक काळजी मिटली म्हणून विसरून गेली. घरातल्या एवढ्या भोकांत तिने काय काय कोंबलं होतं, कुठलं कुठलं लक्षात ठेवणार?

"बाबा, ते मी… धूळ जाऊ नये म्हणून…"

"हवाही गेली नाही," सासरे म्हणाले. "धूर होणारच."

म्हणजे फाटकातला धूर, आयांचे रुमाल, मुलांना हाकणाऱ्या मावशी, काकूंचे पडदे, सगळं एका बदकामुळे. आणि बदक तिचं! तिला वाटलं सासरे ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला, तळवा वर करून.

तिला कळलं. ती घरात गेली, उशाखालची किल्ली आणली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. किल्लीवर तिच्या काळ्या बोटांचे ठसे उमटले. त्यांनी ती किल्ली पुसून खिशात टाकली.

मग दुपारभर अंगणात दोन कामं चालली होती. एकीकडे सासऱ्यांनी इंजिनातलं ऑइल बदललं, कारण डबाभर औषध झिरपून त्यात उतरलं होतं. वायरी जोडताना "हा ससा कोणाचा?" एवढं एकच वाक्य ते बोलले. दुसरीकडे चिमणीची आई काकूंचे पडदे धूत होती, आणि गल्लीतल्या बायका, ज्यांची पातेली तिने आजवर उजळली होती, एकेक करून सल्ला द्यायला येत होत्या. शेवटी पडदे पिळायला लागलेल्या काकूच म्हणाल्या,

"घासू नकोस गं. भिजत ठेव. आपोआप सोडतं."

"पडदे निघाले की हो, काकू."

"पडद्यांचं नाही म्हणत. तोंडाचं."

तोंड निघता निघत नव्हतं. गाल कसेबसे उजळले, पण भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या आणि कपाळावरच्या काळजीच्या आठ्या, यांत काजळी अशी बसली होती की छापल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी सासऱ्यांनी चिमणीच्या हाती वाटीभर तेल पाठवलं. "आजोबा म्हणाले, तोंडाला लाव. शाई याने निघायची." तेल लावल्यावर आठ्या जरा चकाकायला लागल्या, एवढाच फरक.

गाडी सुरू झाल्याचा आवाज तिने आतूनच ऐकला. खोकला नाही, दचका नाही. मांजर गुरगुरावं तशी चालत होती. आनंद व्हायला हवा होता, पण तिला रडूच आलं. गाडी बरी झाली होती, आणि किल्ली गेली होती.

सोमवारी सकाळी तिने तोंडाभोवती स्कार्फ गुंडाळला, नुसते डोळे उघडे ठेवले, आणि चिमणीला चालत न्यायचं म्हणून निघाली. दारात सासरे उभे होते. त्यांनी किल्ली पुढे केली.

"चालव."

"मी? बाबा, पण काल तुम्ही किल्ली…"

"काळी झाली होती. पुसायला घेतली."

रात्रभर तिने त्या किल्लीवरून उशी भिजवली होती!

"आणि बाबा, ते लाळेरं…"

"पोरीसाठी कोंबलंस," ते म्हणाले. मग घराकडे मान वळवून, "त्याने फाटक पाडलं ते माशी हाकताना." आणि ते मागे नातीशेजारी जाऊन बसले. सासऱ्यांनी आपली बाजू घेतलेली तिने कधी ऐकली नव्हती.

गाडी निघाली. वळणावर कोणाला कळलंसुद्धा नाही. बालवाडीच्या फाटकाशी ती थांबली आणि मागे बघितलं तर रस्ता स्वच्छ, आया रुमालाविना, मुलं फाटकात खेळतायत. बालवाडीच्या बाई पायऱ्या उतरून स्वतः गाडीपाशी आल्या.

"अरे वा! आज अजिबात धूर नाही! कोणाकडून साफ करून घेतलीत?"

"सूनबाईने केली," मागून सासरे म्हणाले. "घरीच."

चार आया वळून बघायला लागल्या. चिमणीच्या आईला आपण दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटलं. आठवडाभर खाली घातलेली मान तिने वर केली.

"पण तोंड का बांधलंय हो?" बाईंनी काळजीने विचारलं. "बरं नाही का? काही साथबीथ?"

"नाही, नाही! ते जरा… गार वारं…"

"सूनबाई," मागून आवाज आला, "फडकं काढ. कोंडल्यावर काय होतं, ते कळलंय आता."

तिने सगळ्यांसमोर स्कार्फ सोडला.

बाईंनी बघितलं. भुवया बघितल्या, पापण्या बघितल्या, काळ्या कानांवर आणि चकाकणाऱ्या आठ्यांवर त्यांची नजर जरा जास्तच थांबली. मग गाडीवर हात टेकवलेला होता तो काढून घेत त्या हळूच एक पाऊल मागे सरल्या आणि मान वळवून म्हणाल्या,

"मावशी, मुलांना आत घ्या!"